अंबड ते पुणे, व्हाया कॅप राउंड

लेकीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन २०२४ च्या सप्टेंबरात एकदाची पक्की झाली. तेव्हापासून आगारात कुणी ना कुणी डबा उघडून शेजारी बसतो आणि विचारतो, "ते जात पडताळणीच्या व्हॅलिडिटीचं काय केलं होतं तुम्ही?" नाहीतर "पुण्याचं कॉलेज लागलं कसं काय?" दरवेळी पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मी एसटीत कंडक्टर आहे. मूळ गाव जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, राहायला अंबडला. मी बारावीनंतर बाहेरून बी.ए. केलं, मंडळी दहावी झालेल्या. आमच्या भावकीत सायन्सला गेलेलं हे पहिलंच लेकरू. तिचे मार्क इथं लिहीत नाही; सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पर्सेंटाइल नव्वदच्या आसपास होता, एवढं पुढचं समजायला पुरे.

सुरुवात केली २०२२ च्या दिवाळीनंतर, ती अकरावीत असताना. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. बारावीचा निकाल लागल्यावर समितीच्या दारात गेलात तर तिथं अख्खा जिल्हा उभा असतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, कॉलेजचं पत्र लावायचं, वंशावळीचं शपथपत्र करायचं. इथपर्यंत सगळं पैशानं आणि हेलपाट्यानं होतं. खरी गोष्ट पुढं आहे, ती म्हणजे जुना पुरावा. आम्ही ओबीसी, म्हणून आम्हाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, १९५५ साली गावच्या शाळेत पहिलीला बसले आणि चौथीतून निघून गुरांमागं गेले. त्या चार वर्षांचं घरात कुणाला कधी काही वाटलं नव्हतं. पण शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात त्यांचं नाव होतं, जन्मतारीख होती आणि जातीचा रकाना भरलेला होता. हेडमास्तरांनी कडेनं वाळवी लागलेलं रजिस्टर काढून उतारा दिला, तेव्हा दादा शेजारीच खुर्चीत बसले होते. म्हणाले, "ह्या एवढ्याशा शाळेचा उपेग झाला म्हणायचा." दादांच्या वडिलांचा असा कागद कुठंच नाही. ते निजामाच्या राज्यात वाढले. आमच्या गावात तेव्हा शाळाच नव्हती.

मेव्हण्याच्या घरी उलटं झालं. त्याच्याकडं १९६७ च्या आधी शाळेचं तोंड पाहिलेलं कुणीच नाही. त्याच्या पोरासाठी कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या नोंदवहीतली, जन्माची नोंद काढायला तहसीलच्या रेकॉर्ड रूमच्या इतक्या चकरा झाल्या की तिथला शिपाई त्याला नावानं ओळखायला लागला. म्हणजे बघा, ज्याच्या घरात आजोबा शिकला त्याच्या नातवाचा कागद आठवड्यात निघतो, आणि ज्याचा आजोबा शिकला नाही त्याच्या नातवाला तोच कागद वर्षभर पळवतो. मागासपणाचा पुरावा मिळायलासुद्धा घरात थोडं शिक्षण असावं लागतं.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात आधी कुणाची व्हॅलिडिटी असेल तर ती जोडा, काम अर्ध्यावर येतं. पुण्याच्या एका आगारातला ओळखीचा मेकॅनिक आहे, त्याच्या पोरीचं असंच लवकर झालं. तिच्या काकाची होती, चुलत भावाची होती. आमच्या भावकीत ती कुणाकडंच नव्हती. असणार कशी? ती लागते इंजिनिअरिंगला, मेडिकलला नाहीतर राखीव जागेवर निवडणूक लढवायला. पहिल्या दोन्हींकडं कुणी गेलं नव्हतं आणि तिसऱ्याला पैसा नव्हता.

अर्ज टाकल्यावर मध्येच एक त्रुटीचं पत्र आलं. आडनाव एका कागदावर ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ. त्यासाठी वेगळं शपथपत्र. प्रमाणपत्र हातात यायला आठेक महिने गेले. म्हणून अर्ज टाकायच्या आधी दाखला, आधार, जातीचं प्रमाणपत्र, सगळे कागद एका ओळीत मांडा आणि नावाचं एकेक अक्षर जुळवून बघा. आम्ही पुढं सगळीकडं हेच केलं.

बारावी जालन्याला झाली. पोरींना शिक्षणासाठी एसटीचा अहिल्याबाई होळकर पास बारावीपर्यंत फुकट आहे, त्यामुळं रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च नव्हता. लातूरला ठेवा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. लातूर पॅटर्नचं नाव खोटं नाही. शाहू आणि दयानंद कॉलेजांमुळं सगळ्या मराठवाड्यातली पोरं तिकडं जातात. पण दोन वर्षांची खोली, मेस आणि क्लासची फी एका पगारात बसेना. घरी टेबलफॅनखाली जे झालं ते झालं.

२१ मे २०२४ ला निकाल लागला. त्या दिवशी ड्यूटीवर होतो. आमचा छत्रपती संभाजीनगर विभाग ९४.०८ टक्के, कोकण ९७.५१ वर पहिला आणि मुंबई ९१.९५ वर शेवटून पहिली. संध्याकाळी आगारात पेढे वाटताना एकजण खुशीत म्हणाला, "मुंबईच्या पुढं गेलो की आपण!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मुंबईपेक्षा आपण शिकलेले असू तर रविवारी रात्री पुण्याच्या गाडीत उभं राहायला जागा का नसते? सीईटीच्या निकालाची वाट बघण्याचे ते दिवस. मे महिन्यात परीक्षा झालेली, निकाल १६ जूनला आला. मधल्या काळात लेकीला म्हटलं, जनगणनेचे आकडे काढ मोबाइलवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं सगळं २०११ चं. तरी बघण्यासारखं निघालं. जालना जिल्ह्याची साक्षरता ७१ टक्क्यांच्या पुढं थोडी. परभणी ७३, नांदेड ७५, औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, ७९. राज्य ८२. पुणे ८६, नागपूर ८८, मुंबई उपनगर जवळपास ९०. आणि ही नुसती साक्षरता, म्हणजे समजून लिहिता-वाचता येणं. पदवीचे आकडे काढले तर अंतर आणखी वाढेल हे सांगायला पंडित नको.

बोर्डाची टक्केवारी म्हणजे परीक्षेला बसलेल्यांतले किती पास झाले. जे बसलेच नाहीत, ऊसतोडीला गेले, लग्न लावून दिलं, ते त्यात कुठंच नसतात.

कारण शोधायला लांब जायला नको. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची सुरुवात १८२१ ची, इंजिनिअरिंग कॉलेजची १८५४ ची, फर्ग्युसन १८८५ चं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आमच्याकडं तेव्हा निजाम. वरचं शिक्षण हैदराबादला आणि तेही उर्दूतून. १९१८ ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचंच होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं, आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २३ ऑगस्ट १९५८ ला. म्हणजे मुंबईच्या १०१ वर्षांनंतर. दादा तेव्हा चौथी सोडायच्या बेतात होते.

असो. जूनमध्ये कागदांचा दुसरा हप्ता सुरू झाला. वय-अधिवास-राष्ट्रीयत्व म्हणजे डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र. नॉन-क्रिमिलेअर त्यावर लिहिलेल्या ३१ मार्चपर्यंतच चालतं. गेल्या वर्षीचं आहे म्हणून निवांत राहू नका. मुदत बघा, संपली असेल तर एप्रिल उजाडला की नवं टाका. आधी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, मग तहसीलचा तीन वर्षांचा दाखला, मग उपविभागीय अधिकाऱ्यांकडं. एकावर एक रचलेलं आहे, खालचं हललं की वरचं थांबतं. दरफलकावर एका दाखल्याचे ३३ रुपये ६० पैसे लिहिलेले होते. प्रत्यक्षात काय द्यावं लागलं ते सांगत नाही. ज्यानं घेतले त्यानं काम मात्र वेळेत केलं. आपल्याकडं यालाच चांगला माणूस म्हणतात.

८ जुलैला एक चांगली बातमी आली. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) यांच्यातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, असा शासन निर्णय निघाला. तोवर आम्ही बँकेतून शैक्षणिक कर्जाची माहिती आणून ठेवली होती. मंडळींनी कर्जाचे ते कागद लगेच गादीखाली सारले. टाकून दिले नाहीत, त्यांचा सरकारवर तेवढा भरवसा नाही.

मग कॅप. सेंट्रलाइज्ड ॲडमिशन प्रोसेस, पण हे पूर्ण नाव कुणी घेत नाही. सीईटी सेलच्या साइटवर नोंदणी, कागद अपलोड, आणि पडताळणी घरबसल्या की सुविधा केंद्रावर जाऊन ते निवडायचं. आम्ही ऑनलाइन निवडली. अंबडला दिवसा साइट चालेना. रात्री अकराच्या पुढं कॅफेवाल्याला शटर अर्धं ओढून बसवलं तेव्हा कुठं फॉर्म गेला. दोन दिवसांनी डोमिसाइलचा शेरा मारून परत: स्कॅन धूसर आहे. परत स्कॅन, परत अपलोड. ऑनलाइन निवडलंत तर रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून बघा. मेसेज येईल या भरवशावर राहू नका. फॉर्म नुसता जाऊन उपयोग नाही, तो 'कन्फर्म' झालेला दिसला पाहिजे.

कच्ची गुणवत्ता यादी, हरकती, पक्की यादी. आणि मग आला ऑप्शन फॉर्म. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. ह्या जागी आम्ही दोघंही आडवे झालो. आदल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली तर तिच्यात GOPENH, LOBCO, GOPENS असली इंग्रजी अक्षरांची रांग, म्हणजे जीओपीईएनएच, एलओबीसीओ, जीओपीईएनएस. हे कुणाला विचारावं? आमच्या गल्लीत शिक्षक आहेत, दोन पोलीस आहेत, खतवाले आहेत. इंजिनिअर नाही. क्लासवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, समुपदेशनाचं पॅकेज घ्या.

ते कोडं सोडवलं गाडीतल्या एका पोरानं. घनसावंगीकडचा, पुण्यात तिसऱ्या वर्षाला, महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या रात्रीच्या गाडीला असायचा. नगर सोडल्यावर दिवे बंद केले की मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्यानं मशिनच्या कोऱ्या कागदाच्या रोलवर लिहून समजावलं. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधलं म्हणजे प्रवर्ग. आणि शेवटचं अक्षर सगळ्यात मोलाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातले, एस म्हणजे सगळ्या राज्याला एकच यादी. बहुतेक कॉलेजांत राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठाच्या भागातल्या पोरांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. जालना, बीड, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर हे एक क्षेत्र. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली दुसरं. पुणे, नगर, नाशिक तिसरं. म्हणजे आमच्या पोरीनं पुण्याच्या कॉलेजपुढं शेवटी 'ओ' किंवा 'एस' असलेलाच आकडा बघायचा. 'एच' बघून खूश झालात तर फसलात.

ही वाटणी आपल्याच पोरांना घरची जागा राखून ठेवते, हे खरं. पण राज्यात इंजिनिअरिंगच्या सगळ्यात जास्त जागा पुण्याच्या पट्ट्यात आहेत. जिथं ताट मोठं, तिथलेही सत्तर टक्के तिथल्याच पंगतीला.

त्या पोरानं अजून एक सांगितलं, ते सगळ्यांना सांगतो. पर्याय भरताना जे हवं ते वर टाका, जे मिळेल असं वाटतं ते नाही. वरचा पर्याय लागला नाही म्हणून खालच्याचं काही नुकसान होत नाही. आणि टीएफडब्ल्यूएस नावाच्या फी-माफीच्या वेगळ्या जागा असतात, त्यांचा कोड वेगळा भरावा लागतो. मुलांसाठी ते महत्त्वाचं. आमच्या पोरीला नव्या निर्णयामुळं गरज उरली नव्हती.

ह्या पोरानं एका तासात जे दिलं त्यासाठी क्लासवाला काही हजार मागत होता. पुण्यातल्या त्या मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या दादानं बसून भरून दिला फॉर्म, चहा घेतला आणि गेला. तिथं नुसत्या कोथरूडमध्येच नाही, भोसरीच्या दोन खोल्यांच्या इमारतीतसुद्धा वरच्या मजल्यावर कुणीतरी फॉर्म भरलेला असतो. शिकलेल्या शहराचा हा फायदा मला आकड्यांत कुठं दिसला नव्हता.

पहिल्या फेरीत संभाजीनगरचं एक कॉलेज लागलं. यादीत पुष्कळ खालचा पर्याय. २०२४ ला पहिलाच पर्याय लागला तर जागा आपोआप गोठायची. नाहीतर 'फ्रीझ' (हीच जागा ठेवणं) किंवा 'बेटरमेंट' (वरच्या पर्यायासाठी थांबणं) निवडायचं. जागा स्वीकारायचे हजार रुपये ऑनलाइन भरले आणि घरात भांडण सुरू झालं.

मंडळींचं म्हणणं सरळ होतं. संभाजीनगर दीड-दोन तासांवर आहे. सकाळच्या गाडीनं डबा पाठवता येतो. आता बायांना अर्धं तिकीट आहे, मी वाटेल तेव्हा जाऊन येईन. पुण्यात आजारी पडली तर? आणि ते शहर काय कमी आहे का? वाळूज आहे, शेंद्रा-बिडकीन आहे, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून आहे. अगदी जालन्याला मुंबईच्या आयसीटीची शाखा २०१८ ला आली. ह्यातलं काहीच खोटं नव्हतं, त्यामुळं मला उत्तर देता येईना.

लेक म्हणाली, "आई, कॉलेज तिथं बी चांगलंय. पण तिथं मी कुणाला बघू?" मग तिनं मोबाइलवर काढून एक अभ्यास वाचून दाखवला. अमेरिकेतला अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेटी, २००४ सालचा. तिकडंही शहराशहरांत असाच फरक: वॉशिंग्टनच्या महानगरात निम्म्या प्रौढांकडं पदवी आहे, टेक्सासच्या टोकाला मॅकॲलनमध्ये पाचात एकाच्या आसपास. मोरेटीनं असं दाखवलं की शहरात पदवीधरांचं प्रमाण शंभरात एकानं वाढलं तर शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी १.९ टक्के वाढते, शाळा पूर्ण केलेल्यांची १.६ टक्के आणि पदवीधरांची ०.४ टक्के. म्हणजे शेजारी शिकलेला असल्याचा सगळ्यात जास्त फायदा न शिकलेल्याला.

मंडळी शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग तू पुण्याला जाऊन दुसऱ्यांचा फायदा करणार आणि आमचं?" यावर त्या मोरेटीकडंही उत्तर नसावं.

मी मध्यस्थी केली: बेटरमेंट टाकू, वरचं लागेपर्यंत हातची जागा कुठं जात नाही. वरचं लागलं तर ही सोडू. खरं म्हणजे माझं मन झालेलं होतं. इतकी वर्षं ह्या रस्त्यावर तिकिटं फाडली. जाताना पोरं बॅगा घेऊन चढतात, आधी शिकायला, मग नोकरीला. वर्षं गेली की दिवाळीला बायका-पोरांसह येतात आणि भाऊबीज झाली की परत. मराठवाड्यात कुणी शिकत नाही असं नाही. शिकलेलं माणूस मोजणीच्या दिवशी हिंजवडीत असतं. आमचा आकडा खाली राहतो आणि त्यांचा वर चढतो, त्यात माझ्या गाडीचाही वाटा आहे. आता २०२७ ला जनगणना आहे. माझी लेक पुण्याच्या खात्यात मोजली जाईल. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तिला त्यासाठी घरी ठेवायचं का?

ऑगस्ट संपता संपता दुसऱ्या फेरीत पुण्याचं कॉलेज लागलं. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, 'ओ'ची जागा, मुलींचा प्रवर्ग. दोन दिवस रजा टाकली आणि रात्रीच्या गाडीनं निघालो. वाकडेवाडीला पहाटे उतरलो, तिथंच तोंड धुतलं.

कॉलेजच्या खिडकीवर आधी पूर्ण फी सांगितली, "माफीचं नंतर बघू, परत मिळेल." शासन निर्णयाची छापील प्रत सोबत होती, ती काढून ठेवली. बाई आत गेल्या, साहेबांना विचारून आल्या. शिकवणी आणि परीक्षा फी सोडली, पण विकास शुल्क घेतलंच, कारण निर्णयात ते माफ नाही. त्यात वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय ग्रंथालय, अनामत, ओळखपत्र असं करत पंधरा-सोळा हजार गेले. मुलीला घेऊन जाणाऱ्यांनी निर्णयाच्या दोन प्रती न्या, फीचं विवरण लेखी मागा, आणि 'सगळं फुकट आहे' असं गावात सांगून निघू नका. मूळ कागद जमा करून घेतात, म्हणून आधीच प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन ठेवा. लिव्हिंग सर्टिफिकेटची तर दहा.

कॉलेजच्या वसतिगृहात जागा संपलेली होती. कॉट बेसिसवर खोली बघितली. चौघींत एक खोली, महिना साडेचार हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट. मेस तीन हजारांच्या पुढं, रविवारी एकच वेळ. आम्हाला खोली दाखवायला मेकॅनिकची बायको सोबत आली होती. बीडकडची, सातवी शिकलेली. गावाकडं असताना ती लग्नकार्यात पोळ्या लाटायला जायची, पडेल त्या मजुरीवर. आता पुण्यात आयटीवाल्या चार घरी सकाळचा स्वयंपाक करते आणि दुपारनंतर मोकळी असते. महिन्याला किती मिळतात ते तिनं सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या सुरुवातीच्या पगाराशी ताडून बघितलं आणि गप्प बसलो. पोळी तीच, लाटणं तेच. लेकीनं माझ्याकडं बघितलं, तिलाही मोरेटी आठवला असणार. अर्थात त्या बाईनं लगेच पुढचंही सांगितलं: खोलीभाडंच निम्मं खातं, आणि गावाकडं दुधाचे पैसे लागत नव्हते.

परतीच्या गाडीत मंडळींचा फोन आला. पहिला प्रश्न, "खोलीला कडी कशी आहे?"

आता जे बाकी आहे ते. फी माफीसाठी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज करावाच लागतो; कॉलेजनं फी घेतली नाही म्हणजे झालं असं नाही. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधी बघा, पैसे तिथंच अडकतात. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या पोरांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, जिल्ह्याला ६०० जणांची मर्यादा. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, त्याखाली अजून कमी. अनुसूचित जातीच्या पोरांसाठी अशीच स्वाधार आहे. दोन्हींना भाडेकरार लागतो. घरमालक करार द्यायला नाखूश असतात, म्हणून डिपॉझिट देण्याच्या आधीच बोलून घ्या, नंतर तुमचं काही चालत नाही. आम्ही तसंच केलं, करार मिळाला.

आधार योजनेचा आमचा अर्ज भरून झालाय. पोर्टलवर 'छाननी सुरू' दिसतं. लेक तिकडून बघते, मी इकडून बघतो. मंडळींनी कर्जाचे कागद अजून गादीखालीच ठेवलेत.